पहिला क्रमांक, पण कोणात?



दरवर्षी सीईटीचा निकाल लागला की आमच्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात पालकांची ये-जा सुरू होते. काही वर्षांपूर्वी भोकरदन तालुक्यातील एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी गावच्या शाळेत सतत पहिली येणारी. बारावीच्या तुकडीतही पहिलीच होती. हातातल्या निकालपत्रावर मात्र आकडा होता 84. गृहस्थ म्हणाले, "सर, आजवर हिला नव्वदच्या खाली कधी पडले नाहीत. इथं चौऱ्याऐंशी टक्केच आले. आता इंजिनीअरिंगचा फॉर्म भरून काय उपयोग?" मुलगी खाली मान घालून उभी होती.

त्यांच्या बोलण्यात दोन गैरसमज होते. पहिला असा की, तो आकडा 84 टक्के नव्हता, 84 पर्सेंटाइल होता. दुसरा गैरसमज जरा खोल होता. शाळेतला पहिला क्रमांक आणि सीईटीचा तो आकडा या दोन वेगवेगळ्या गटांत केलेल्या मोजण्या होत्या, आणि ते त्या एकाच पट्टीवर ठेवून पाहत होते. या दोन गैरसमजांपायी ती मुलगी अर्ज न भरताच घरी जाणार होती. तुमच्यापैकी कोणाच्या बाबतीत असे घडू नये, म्हणून आज आपण 'क्रमांक' या मोजमापाचा थोडा विचार करू.

क्रमांक काय सांगतो?

भौतिकशास्त्रात आपण लांबी मीटरमध्ये मोजतो, वस्तुमान किलोग्रॅममध्ये. 4 मीटर ही लांबी 2 मीटरच्या दुप्पट असते. क्रमांकाचे तसे नसते. याचे चांगले उदाहरण खनिजशास्त्रात सापडते. फ्रीडरिख मोस या जर्मन शास्त्रज्ञाने 1812 साली खनिजांच्या कठीणपणाची एक श्रेणी सुचवली. जे खनिज दुसऱ्यावर ओरखडा काढते ते अधिक कठीण, एवढाच त्याचा नियम. त्यानुसार शंखजिऱ्याला 1, कुरुंदाला 9 आणि हिऱ्याला 10 हा आकडा मिळाला. म्हणून हिरा कुरुंदापेक्षा किंचितच कठीण आहे असे समजायचे काय? नाही. उपकरणांनी मोजले तर हिरा कुरुंदापेक्षा कित्येक पटींनी कठीण भरतो. मोसची श्रेणी कोण पुढे आणि कोण मागे हे सांगते; किती पुढे, हे सांगत नाही.

वर्गातला क्रमांकही असाच आहे. एका वर्गात पहिल्या तिघांचे गुण 92, 91 आणि 74 आहेत. दुसऱ्या वर्गात 92, 78 आणि 77. दोन्हीकडे क्रमांक 1, 2, 3 असेच लागतील. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकांमधील 17 गुणांची दरी एका वर्गात आहे, दुसऱ्यात ती केवळ एका गुणाची आहे. निकालाच्या फलकावर हा फरक दिसत नाही.

पर्सेंटाइल म्हणजे क्रमांकच

आता पर्सेंटाइलकडे वळू. मराठीत त्याला शततमक म्हणतात. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन याने ही कल्पना 1885 च्या सुमारास रूढ केली. सीईटीत ते असे काढतात: तुमच्या सत्रात जेवढ्या विद्यार्थ्यांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळाले, त्या संख्येला सत्रातील एकूण विद्यार्थ्यांच्या संख्येने भागायचे आणि 100 ने गुणायचे.

समजा, एका सत्रात 20,000 विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी 16,800 जणांना तुमच्याइतके किंवा त्याहून कमी गुण आहेत. 16,800 ला 20,000 ने भागून 100 ने गुणले की 84 येतात. तुम्हाला 200 पैकी नेमके किती गुण पडले, हे या आकड्यात कोठेच दिसत नाही. 84 पर्सेंटाइलचा अर्थ एवढाच की दर 100 विद्यार्थ्यांमागे सुमारे 16 जण तुमच्या पुढे आहेत. एकूण परीक्षार्थी 3 लाख धरले तर पुढे असलेले 48,000 होतात, आणि स्वतःला धरून बरोबरीचे किंवा मागचे 2 लाख 52 हजार.

हेच सूत्र त्या मुलीच्या वर्गाला लावून पाहा. वर्गात 25 मुले आहेत आणि ती पहिली आहे. तिच्याइतके किंवा कमी गुण असलेले, तिला धरून, 25. म्हणजे वर्गात तिचे पर्सेंटाइल 100. वर्गात 100 आणि सीईटीत 84! मुलगी तीच, अभ्यास तोच. दोन्ही आकडे खरे आहेत. बदलला आहे तो गट. म्हणून कोणताही क्रमांक कानावर आला की पहिला प्रश्न विचारावा: कोणात?

दोन तापमापके

तुम्ही म्हणाल, मग सरळ गुणच का नाही लावत? पर्सेंटाइलचा हा खटाटोप कशाला?

राज्याची सीईटी 2019 पासून संगणकावर होते. एवढे विद्यार्थी एका वेळी बसवता येत नाहीत, म्हणून परीक्षा अनेक दिवस सकाळ-दुपारच्या सत्रांत चालते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. कितीही काळजी घेतली तरी एखादी थोडी अवघड निघते, एखादी सोपी.

आता अशी कल्पना करा की तुमच्याजवळ दोन तापमापके आहेत आणि त्यांच्यावर रेघा आखलेल्या नाहीत. त्यांची तुलना कशी कराल? दोन्ही प्रथम वितळणाऱ्या बर्फात बुडवाल आणि खूण कराल, मग उकळत्या पाण्याच्या वाफेत धराल आणि खूण कराल. मधल्या अंतराचे 100 भाग केले की दोन्ही तापमापके एकच भाषा बोलू लागतील. याला अंशांकन म्हणतात. ते जमते, कारण बर्फ दोन्हीकडे तोच आहे.

सत्रांच्या बाबतीत बर्फाचे काम विद्यार्थ्यांचा समूह करतो. कोणाला कोणते सत्र मिळावे हे त्याच्या हुशारीवर ठरत नाही. प्रत्येक सत्रात हजारो विद्यार्थी असतात. तेव्हा सर्व सत्रांतील समूह सरासरीने सारखेच तयार आहेत, असे मानता येते. मग सकाळच्या अवघड प्रश्नपत्रिकेत 120 गुणांना 90 पर्सेंटाइल येते आणि दुपारच्या सोप्या प्रश्नपत्रिकेत 135 गुणांना, तर हे दोघे विद्यार्थी बरोबरीचे ठरतात. एकाला 15 गुण कमी आहेत म्हणून त्याच्यावर अन्याय होत नाही.

सात दशांश स्थळे

सीईटीच्या निकालात पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत छापतात. दोन विद्यार्थी शक्यतो बरोबरीत येऊ नयेत, हा त्यामागील हेतू आहे. पण प्रयोगशाळेत तुम्ही शिकला आहात की गणकयंत्रावर आठ अंक दिसले म्हणून मोजपट्टीची अचूकता वाढत नाही. येथे खरी अचूकता किती, ते आपण काढून पाहू.

20,000 च्या सत्रात 90 पर्सेंटाइलच्या विद्यार्थ्याच्या पुढे 2,000 जण असतात. समूह चिठ्ठ्या टाकल्यासारखा विभागला असेल, तर ही 2,000 ची संख्या एका सत्रापासून दुसऱ्या सत्रापर्यंत थोडी हलणारच. ती साधारण किती हलेल, याचा ढोबळ अंदाज संख्येच्या वर्गमुळावरून येतो. 2,000 चे वर्गमूळ सुमारे 45. म्हणजे पुढे कधी 1,955 असतील, कधी 2,045. 20,000 मध्ये 45 म्हणजे सुमारे 0.2 पर्सेंटाइल. परीक्षार्थी 3 लाख असतील तर 0.2 पर्सेंटाइल म्हणजे जवळजवळ 600 क्रमांक!

तेव्हा 90.1 मिळवणारा 90.0 वाल्यापेक्षा हुशार, असे शास्त्राच्या आधारे म्हणता येणार नाही. प्रवेशाच्या यादीला कोठेतरी रेघ मारावी लागते, म्हणून ती मारली जाते. रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे असलेल्या दोघांत खरा फरक असतोच असे नाही. रेघेच्या पलीकडे राहिलात तर ही गोष्ट आठवा. अलीकडे आलात, तर तेव्हाही आठवा.

करून पाहा

1 ते 100 आकडे लिहिलेल्या 100 चिठ्ठ्या करा. हे आकडे म्हणजे 100 विद्यार्थ्यांची तयारी, असे समजा. चिठ्ठ्या चांगल्या मिसळून 25-25 चे चार ढीग करा आणि प्रत्येक ढिगातली सर्वांत मोठी चिठ्ठी शोधा. चारही ढिगांतले 'पहिले' बहुधा नव्वदीच्या घरातले निघतील.

आता चिठ्ठ्या न मिसळता ढीग करा: 1 ते 25, 26 ते 50, 51 ते 75 आणि 76 ते 100. या वेळी चार ढिगांतले पहिले 25, 50, 75 आणि 100 आहेत. चौघेही आपापल्या ढिगात पहिलेच!

सीईटीची सत्रे पहिल्या प्रकारच्या ढिगांसारखी असतात, म्हणून सत्रातला क्रमांक इतर सत्रांशी ताडून पाहता येतो. शाळा मात्र मिसळून केलेल्या नसतात. मुले घराजवळच्या शाळेत जातात, किंवा पालकांना परवडेल त्या शाळेत. म्हणून एका शाळेतला पहिला आणि दुसऱ्या शाळेतला पहिला यांची नुसत्या क्रमांकावरून तुलना होत नाही. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या राज्य प्रवेशासाठी सीईटीचे पर्सेंटाइल पाहतात, वैद्यकीयसाठी नीट आणि अकरावीसाठी दहावीचे गुण. वर्गातला नंबर कोणत्याच अर्जात विचारत नाहीत, याचे एक कारण हे आहे.

पण गोष्ट येथे संपत नाही

चिठ्ठीवरचा आकडा आपण कायमचा छापलेला मानला. विद्यार्थ्याची तयारी तशी छापलेली नसते. आपल्या जिल्ह्यातली मोसंबीची बाग डोळ्यांपुढे आणा. घनसावंगीकडे जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर एक बाग आहे आणि जाफराबादकडे विहिरीच्या तुटपुंज्या पाण्यावर दुसरी. बाजारात दोन्हीकडची फळे एकाच काट्यावर तोलली जातात, आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण उद्या कलमासाठी झाड निवडायचे असेल तर जाणता शेतकरी नुसते वजन पाहत नाही. कमी पाण्यात आपल्या बागेतल्या सर्व झाडांपेक्षा जास्त फळ देणारे झाड कोणते, हेही तो पाहतो. सामाईक परीक्षेतला गुण हा काट्यावरच्या वजनासारखा आहे. वर्गातला क्रमांक त्या बागेतल्या तुलनेसारखा आहे. दोन्ही आकडे काहीतरी खरे सांगतात, आणि दोन्ही काहीतरी लपवतात.

अमेरिकेतील टेक्सस राज्याने 1997 साली दुसरी तुलना निवडली. आदल्या वर्षी एका न्यायालयीन निर्णयाने तेथील विद्यापीठांना प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यास मनाई झाली होती. विद्यापीठात सर्व भागांतली मुले यावीत, म्हणून विधिमंडळाने कायदा केला की राज्यातील कोणत्याही माध्यमिक शाळेत पहिल्या 10 टक्क्यांत येणाऱ्या विद्यार्थ्याला राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठात आपोआप प्रवेश मिळेल. पूर्वी ज्या शाळांतून ऑस्टिनच्या नामांकित विद्यापीठात क्वचितच कोणी जात असे, तेथूनही मुले जाऊ लागली. पण अडचणीही आल्या. चुरशीच्या शाळेत पंधराव्या टक्क्यावर असलेला चांगला विद्यार्थी मागे राहू लागला. शिवाय ऑस्टिनच्या बऱ्याचशा जागा या एकाच नियमाने भरू लागल्या. म्हणून 2009 साली कायदा बदलून त्या विद्यापीठापुरती अशा जागांना राज्यातील विद्यार्थ्यांच्या जागांपैकी 75 टक्क्यांची मर्यादा घातली. त्यामुळे तेथे अलीकडे पहिल्या 6 टक्क्यांनाच असा प्रवेश मिळत होता. 2026 च्या प्रवेशापासून ही रेघ 5 टक्क्यांवर आली.

आपल्या देशातही हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत आला आहे. केंद्रीय मंडळ, राज्य मंडळे, प्रत्येकाची गुण देण्याची रीत निराळी. म्हणून 2013 पासून आयआयटीच्या प्रवेशासाठी अट आली की जेईईत यश मिळाले तरी बारावीला विद्यार्थी आपापल्या मंडळाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये हवा. पुढे 75 टक्के गुणांचा पर्याय त्याला जोडला गेला. अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांगांसाठी तो 65 टक्के आहे. नीट पाहिले तर ही टेक्ससचीच कल्पना आहे. फक्त शाळेच्या जागी मंडळ आले.

महाराष्ट्रात अकरावीच्या प्रवेशात 2008 साली मंडळामंडळांचे गुण जुळवण्यासाठी पर्सेंटाइलचे सूत्र आले आणि 2009 साली 90 टक्के जागा राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना राखण्याचा निर्णय झाला. मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही रद्द केले. 2010 साली राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम पाच विषयांचे गुण धरण्याची पद्धत आली आणि ती सर्वोच्च न्यायालयात टिकली.

आपल्या मराठवाड्याच्या अनुभवाचे उदाहरण वैद्यकीय प्रवेशाचे आहे. 2020 पर्यंत राज्याच्या वैद्यकीय जागांपैकी 70 टक्के त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना आणि 30 टक्के राज्यभरातून भरत. मराठवाड्यात महाविद्यालये कमी, त्यामुळे येथील 70 टक्केही थोडेच भरत आणि चुरस वाढे. सप्टेंबर 2020 मध्ये ही विभागणी रद्द झाली. 2024 साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याच्या राज्य कोट्यातील जागांसाठी आता जालन्याच्या मुलाला गडचिरोलीपासून मुंबईपर्यंतच्या मुलांत आपला क्रमांक लावावा लागतो. आणि मुंबईच्या महाविद्यालयाचे दारही त्याला त्याच यादीतून उघडते. नियमाने कोणाचेही गुण वाढवले नाहीत वा कमी केले नाहीत. फक्त 'कोणात?' या प्रश्नाचे उत्तर बदलले.

हा प्रश्न गणिताने सुटत नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. गट कोणता धरायचा हे समाजाने ठरवायचे असते. एकदा तो ठरला, की पुढचा हिशोब गणित करते. वर्गात वादविवादासाठी हा विषय घ्या, असे मी शिक्षकांना सुचवीन.

मग आपण काय करावे?

पहिली गोष्ट, पर्सेंटाइल हातात आले की त्याचे रूपांतर माणसांच्या संख्येत करा. 100 मधून ते वजा करा, एकूण परीक्षार्थींच्या संख्येने गुणा आणि 100 ने भागा. किती जण पुढे आहेत ते कळेल. मग मागील वर्षी आपल्याला हव्या असलेल्या शाखेची यादी कोणत्या क्रमांकावर थांबली होती ते पाहा. ही माहिती दर वर्षी प्रसिद्ध होते.

दुसरी गोष्ट, पसंतीक्रम भिऊन भरू नका. संगणक यादीतल्या पहिल्या विद्यार्थ्यापासून सुरुवात करतो. प्रत्येकाचा अर्ज वरून खाली वाचतो आणि जी पहिली जागा त्याला देता येते ती देतो. वर कठीण पर्याय लिहिला म्हणून खालचा पर्याय हातचा जात नाही. मात्र पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती पक्की होते, म्हणून जी खरोखर सर्वांत हवी तीच पहिली लिहा. नियमांत वर्षागणिक बदल होतात, तेव्हा त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय अर्ज भरू नका.

तिसरी गोष्ट तुम्ही आठवी-नववीत असतानाच करायची आहे. वर्गात पहिले येत असाल तर आनंद माना, पण तेवढ्यावर थांबू नका. मोठ्या गटात स्वतःला तपासून पाहा. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा, तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या स्पर्धापरीक्षांना बसा. आणि वर्गात विसावे येत असाल तर हेही ध्यानात घ्या की तो विसावा क्रमांक त्या एका खोलीपुरता आहे.

त्या दिवशी मी त्या मुलीला कागद दिला आणि वरचा गुणाकार करायला सांगितले. पुढे किती आणि मागे किती, हे तिने स्वतःच काढले. मागच्यांचा आकडा पाहून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने वडिलांकडे पाहिले आणि मला विचारले, "सर, फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?" त्या आठवड्यात तिने तीसेक पर्याय भरले. दुसऱ्या फेरीत तिला छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयात विद्युत शाखेला जागा मिळाली.